आहेरानं भरलेलं कपाट

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही मध्यम घरातलं लोखंडी कपाट उघडा. वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जशाच्या तशा ठेवलेल्या साड्या दिसतील. कितीतरी साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नसते. त्या घरच्या बाईनं निवडून आणलेल्याच नसतात. भाच्याच्या लग्नात, जावेच्या वास्तुशांतीला, नणंदेच्या लेकीच्या डोहाळजेवणात त्या मानानं आलेल्या असतात. खालच्या कप्प्यात शर्टपीस-पँटपीसचे खोके आणि टॉवेल-टोप्या. एवढं असूनही लग्नाला निघायची वेळ आली की त्याच कपाटासमोर उभं राहून "नेसायला काहीच नाही" असं म्हटलं जातं, आणि ते खोटं नसतं. भरपूर कपडे आहेत, पण मनाजोगते मोजकेच.

कपाट आवरण्याचे सल्ले हल्ली खूप वाचायला मिळतात. माणूस आपला कपडा स्वतः दुकानातून आणतो असं त्यात गृहीत धरलेलं असतं, म्हणून "खरेदी कमी करा" एवढ्यावर ते थांबतात. आपल्याकडे कपडा दुकानातून येतो तसा नात्यातूनही येतो. आणि जेवढा येतो तेवढाच परत द्यावा लागतो. म्हणून इथे कामं दोन आहेत. साठलेलं नीट मार्गी लावणं हे पहिलं. दारातून येणारं आणि दारातून जाणारं कमी करणं हे दुसरं. पहिल्यानं जागा होते, थोडा पैसाही येतो. घरखर्चाला खरी उसंत मात्र दुसऱ्यानंच मिळते.

आवरायला मे महिना चांगला. सुगी संपलेली असते, मुलं घरी असतात, आणि पावसाळ्याआधी कपड्यांना ऊन दाखवायचंच असतं. सगळं घर एका दिवसात उपसू नका. एका दिवशी एकाच माणसाचे कपडे काढा आणि ते त्या माणसासमोरच काढा. सासूबाईंची लुगडी त्या गावाला गेल्यावर भांडेवालीला देऊन टाकली, तर त्या लुगड्यांपेक्षा मोठं काहीतरी घरातून जातं. ज्याचा कपडा त्यानंच ठरवायचं, लेकरांनीसुद्धा.

ठेवायचं काय, हे ठरवताना मन धरसोड करतं. त्यावर एक साधा उपाय आहे. गुढीपाडव्याला प्रत्येक साडीच्या, प्रत्येक शर्टाच्या घडीत कागदाची एक चिठ्ठी ठेवा. कपडा वापरला की चिठ्ठी काढून टाका. पुढच्या पाडव्याला ज्यांत चिठ्ठी तशीच असेल, त्यांनी एक पूर्ण वर्ष, म्हणजे श्रावण, गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांत आणि लग्नसराई, कपाटातच काढलं. अशा कपड्याची बाजू मांडणारं फारसं काही उरत नाही. लग्नातला शालू, आईची शेवटची साडी, बाळाचं पहिलं झबलं यांना ही कसोटी लावू नका. आठवणीच्या वस्तूंसाठी एक पेटी ठेवा, एकच, आणि ती भरली की तिच्यातही निवड करा. पैठणी असेल तर सुती कापडात गुंडाळा, दर काही महिन्यांनी घडी बदला आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

आता उरलेल्या ढिगाकडे. लोकांची चूक इथे होते. सगळं एका गाठोड्यात बांधून "कुणा गरिबाला देऊन टाकू" म्हणतात. गाठोडं महिनोन् महिने जिन्याखाली पडून राहतं आणि शेवटी घंटागाडीत जातं. कुठला कपडा कुणाच्या कामाचा हे आधी पाहिलं, तर या जिल्ह्यात बहुतेक कपड्याला घेणारं माणूस सापडतं.

पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट घ्या. शहरात याला कुणी विचारत नाही, गावात याच्याएवढी मागणी दुसऱ्या कपड्याला नाही. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाया साडीवरून असा शर्ट घालतात. वाळलेल्या बोंडाची टोकं हात ओरबाडतात, सोयाबीनच्या शेंगा टोचतात आणि वर ऊन असतंच. शर्ट सुती असावा, बाही मनगटापर्यंत यावी, बटणं पूर्ण असावीत. कॉलर झिजली असली तरी चालते. असे पाच-सहा शर्ट दसऱ्याच्या आधी शेतावर येणाऱ्या बायांना विचारून द्या. वेचणी संपल्यावर दिलेल्याचा उपयोग नाही.

दसऱ्याचं दुसरंही एक कारण आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पुढचे महिने थंडीत, उघड्या रानात, कोपीत काढतात. त्यांना स्वेटर, शाली, कानटोप्या, लेकरांच्या जाड पँटी लागतात. गोधड्या तर लागतातच. जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर राहणाऱ्यांनाही हेच लागतं. मुकादमाच्या हाती गाठोडं सोपवू नका. निघायच्या आधी वस्तीवर जाऊन माणसासमोर कपडे मांडा आणि ज्याला जे हवं ते त्याला निवडू द्या. देणाऱ्यानं निवडून दिलेला कपडा आणि घेणाऱ्यानं स्वतः निवडलेला कपडा यांत फरक आहे. आपल्या कपाटातल्या आहेराच्या साड्याच त्याचा पुरावा आहेत.

सुती लुगडी, धोतरं, जुन्या चादरी कुणालाही देण्याआधी गोधडीचा विचार करा. संत जनाबाई गंगाखेडच्या. विठ्ठल घाईत आपलं पदक तिच्याकडे विसरला आणि तिची वाकळ पांघरून राउळात परतला, ही कथा घराघरांत माहीत आहे. देवाला चाललेली वाकळ आज आपण ब्लँकेटपुढे कमी लेखतो, हे मला पटत नाही. धावदोऱ्याची गोधडी उन्हाळ्यात अंथरायला आणि हिवाळ्यात पांघरायला चालते, घरी धुता येते आणि वर्षानुवर्षं टिकते. आतले थर सुती ठेवा. जॉर्जेट किंवा नायलॉनची साडी सरकते, थर जागेवर राहत नाहीत आणि घामही टिपत नाही. स्वतःला वेळ नसेल तर मजुरीवर शिवून देणाऱ्या बाया बहुतेक गावांत आहेत. त्यांना पूर्ण मजुरी द्या. हातानं गोधडी शिवायला दिवसचे दिवस जातात.

मऊ झालेलं धोतर आणि मलमलीची साडी बाळंतिणीच्या घरी पाठवा. दुपटी आणि लंगोट यांना नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच बरं. बाळाला पहिलं अंगडं दुसऱ्या बाळाचं घालायची आपली रीत आहेच, त्यामुळे इथे कुणी संकोच करत नाही.

कृत्रिम धाग्याच्या साड्यांची वाट वेगळी. रानडुकरं आणि हरणं पिकात शिरू नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्यांचं कुंपण बांधलेलं मराठवाड्यात सगळीकडे दिसतं. तुमच्याकडच्या रंगीत, न नेसल्या जाणाऱ्या साड्या शेजारच्या शेतकऱ्याला तिथे कामी येतात. एवढंच सांगा की पीक निघालं की साड्या सोडून गुंडाळून ठेवा. उन्हापावसात त्यांच्या चिरफाळ्या होतात, त्या मातीत मिसळतात आणि ते शेवटी प्लॅस्टिकच असतं. बाकीच्यांची पायपुसणी होतात, दावी वळता येतात, पिशव्या शिवता येतात. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून कापडी पिशवीला बाजार आहे आणि एखादा बचत गट हे काम आनंदानं घेईल.

भांडेवाली, जिला कुणी बोहारीण म्हणतं, ती दारात येते तेव्हा घासाघीस करून तिच्याकडून मोठं पातेलं काढायचं यात बऱ्याच घरांत फुशारकी मानली जाते. ती कपडे नेते, निवडते, धुते, दुरुस्त करते, इस्त्री करते आणि मग ते बाजारात विकले जातात. तिच्या कष्टामुळे तुमची जुनी पँट दुसऱ्याच्या अंगावर जाते. तिला फाटकं देऊ नका आणि रास्त भांड्यावर सौदा मिटवा. मात्र घरात पातेली पुरेशी असतील तर नवं पातेलं घेऊन कपाटातली अडगळ स्वयंपाकघरात नेऊ नका. अशा वेळी कपडे सरळ दिलेले बरे.

"जुन्या जरीच्या साड्या घेऊ" असं ओरडत जाणाऱ्यांच्या बाबतीत सावध राहा. जुन्या अस्सल जरीत चांदीची तार असते, तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. हल्लीची बरीचशी जर तांब्याची किंवा नुसत्या प्लॅस्टिकची असते. आजीची पैठणी किंवा शालू दारात वजनावर देऊ नका. आधी सराफाकडून जरीची पारख करून घ्या. साडीचं अंग विरलं असलं तरी काठ-पदर शाबूत असेल, तर तो नव्या कापडाला लावून साडी पुन्हा उभी करता येते.

शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेत किंवा महापालिकेत चौकशी करावी. केंद्र सरकारनं १५ मे २०२३ रोजी 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' ही मोहीम काढली. जुने कपडे, पुस्तकं, चपला-बूट, खेळणी स्वीकारणारी केंद्रं उघडा, असं तिच्यात देशभरातल्या नगरपालिकांना सांगितलं होतं. तुमच्या गावचं केंद्र चालू असेल तर वापरा, बंद असेल तर ते चालू करण्याची मागणी करा. काही शहरांत 'माणुसकीची भिंत' असते. हवं ते न्या, नको ते ठेवा, अशी ती सोय. कल्पना चांगली, पण रोज कुणी तरी आवरणारं नसेल तर आठ दिवसांत तिथे चिंध्यांचा ढीग होतो. मंडळानं जबाबदारी घेतली असेल तरच तिथे द्या.

आपत्तीच्या वेळी तर जास्तच जपून. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे गेले की ते रस्त्याच्या कडेला ढिगानं पडून राहिले. मासेमारी करून मानानं जगणाऱ्या लोकांना दुसऱ्याचं उतरलेलं वस्त्र नको होतं. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था याच प्रश्नावर काम करते. गावानं विहीर खोदावी, रस्ता करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, भीक म्हणून नव्हे, ही त्यांची पद्धत आहे. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या गोदाकाठाला पूर नवा नाही. पूरग्रस्तांना काही पाठवायचं असेल तर आधी विचारा. पहिल्या आठवड्यात नवे आतले कपडे, कोरडं अंथरूण आणि चादरी लागतात, लग्नातले सूट नाही.

आणखी एक विनंती गंगाखेडच्या आणि एकूणच गोदाघाटांच्या बाबतीत. माणूस गेल्यावर त्याचे कपडे नदीत सोडले जातात, स्नानानंतर अंगावरचेही सोडले जातात. ते वाहून जात नाहीत, पाणी उतरलं की खडकाला आणि झुडपांना गुंडाळलेले दिसतात. गेलेल्या माणसाचे चांगले कपडे धुऊन गरजूच्या अंगावर गेले तर त्यात पुण्य कमी होत नाही, असं मी मनापासून मानते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे आधीच, शांत वेळी बोलून ठेवा. दहाव्याच्या दिवशी असला विषय काढता येत नाही.

आता पैशाचं. जुने कपडे विकून घराचं उत्पन्न वाढेल अशी आशा ठेवू नका. एकदा घातलेली शेरवानी किंवा घागरा भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानं घेतला तर थोडे पैसे येतील, बाकीच्यांची किंमत किरकोळ. आवराआवरीचा खरा फायदा हा की कुठे किती गेलं ते एकदा डोळ्यांसमोर येतं.

आहेराची साडी फुकट असते का, ते पाहा. तिला फॉल-पिको करायचं, ब्लाउज शिवायचा. दोन्ही मिळून तीन-चारशे रुपये सहज जातात. न आवडलेल्या साडीवर हा खर्च करूच नका. ती फॉल न लावता, घडी न मोडता जिला रंग आवडेल तिला द्या. हळदी-कुंकवाच्या दिवशी पाच-सात मैत्रिणींनी अशा कोऱ्या साड्या मांडाव्यात आणि अदलाबदल करावी. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही.

कपडा देताना आपण काय देतो आहोत तेही आपल्याच रानातून समजतं. सुती शर्टाला अडीचशे ग्रॅम कापड लागतं असं धरा. कताईतली घट धरून त्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास रुई लागते, आणि एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका शर्टामागे साधारण ८८० ग्रॅम कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या हिशोबानं आठशे रुपयांच्या शर्टात मानवतच्या किंवा सेलूच्या बाजारात कापूस घातलेल्या शेतकऱ्याचे सहासष्ट रुपये होतात. त्यात बियाणं, फवारणी आणि वेचणीची मजुरी सगळं आलं. एक शर्ट जास्त घेतल्यानं त्या शेतकऱ्याचं फारसं भलं होत नाही. घेतलेला शर्ट पुरता झिजवला तर त्याच्या कष्टाचा मान तरी राहतो.

कपड्यांचा हिशोब महिन्यावर बसवू नका, वर्षावर बसवा. आपल्या जिल्ह्यात पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो आणि कपड्याचा खर्च दिवाळी, लग्नसराई आणि शाळा उघडण्याच्या वेळी होतो. मधल्या काळात दुकानदाराच्या वहीत उधारी चढते आणि उधारीवर घेतलेल्या कपड्याचा भाव कुणी नीट विचारत नाही. एका वहीत दोन रकाने करा, स्वतःसाठी घेतलेलं आणि देण्यासाठी घेतलेलं. वर्षअखेर दुसरा रकाना पाहून बऱ्याच घरांना धक्का बसेल. अधिक महिनाही त्यात धरा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाचं धोंड्याचं वाण, लेकीची साडी, व्याह्यांचा मान हा खर्च अचानक येत नाही. पंचांगात तो आधीच लिहिलेला असतो, त्यासाठी कर्ज काढायचं कारण नाही.

वाचलेले पैसे हातात ठेवले तर ते दुसऱ्या कशात तरी जातात. गावात चांगला बचत गट असेल तर पहिली जागा तोच, कारण अडचणीच्या वेळी कर्जही तिथूनच मिळतं. पोस्टातलं आवर्ती ठेव खातं महिना १०० रुपयांपासून उघडता येतं. दरमहा ५०० रुपये पाच वर्षं भरले, तर भरणा ३०,००० होतो आणि ६.७ टक्के व्याज धरलं तर हाती साडेपस्तीस हजारांहून थोडे अधिक येतात. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही घेता येतं, म्हणजे पेरणीला सावकाराकडे जावं लागत नाही. जुलै २०२४ पासून ज्या बहिणींच्या खात्यात 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये येऊ लागले, त्यांनी ते कसे खर्चावेत हे दुसऱ्यानं सांगू नये. पण त्यातले पाचशे रुपये स्वतःच्या नावावर वेगळे पडावेत असं मला फार वाटतं.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी. लग्नात मानपानाच्या यादीत साठ साड्या आणि प्रत्येकी चारशे रुपये धरले, तर चोवीस हजार होतात. त्यात चाळीस शर्टपीस आणि टॉवेल-टोप्या मिळवा. ज्या घरी हा आहेर जातो त्या घरच्या बायका तो नेसत नाहीत, पुढच्या लग्नात पुढे सरकवतात. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरानं यासाठी कर्ज काढावं, हे मला अन्यायाचं वाटतं. मुलीच्या बापानं तर हे एकट्यानं थांबवायचं ठरवलं तरी जमत नाही, कारण तो नाही म्हणाला की त्याची नियत काढली जाते. थांबवायचं तर मुलाकडच्यांनीच आधी बोलावं लागतं. महात्मा फुले यांच्या पुढाकारानं २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह लागला. कमी खर्चात, मानपानाविना लग्न करण्याची परंपरा महाराष्ट्रात तेव्हापासून आहे, त्यामुळे हे काही परकं खूळ नव्हे.

एकदम सगळं बंद करणं जमत नसेल तर पायरीपायरीनं करा. आधी टॉवेल-टोप्या बंद करा. मग साड्यांची यादी सख्ख्या नात्यापुरती ठेवा. ज्यांना द्यायचीच त्यांना एक चांगली सुती साडी त्यांच्या पसंतीनं घेऊ द्या, किंवा तेवढी रक्कम पाकिटात द्या. भावकीतल्या चार घरांनी मिळून ठरवलं तर कुणा एकाकडे बोट दाखवलं जात नाही.

तुमच्या घरात यंदा मुलाचं लग्न असेल तर सुपारी फुटतानाच व्याह्यांना सांगा की आम्हाला मानपानाच्या साड्या नकोत, आणि पत्रिकेत 'आहेर आणू नये' ही ओळ ठळक छापा.